ओल, गळती आणि रोध : वितरण-फलकांतील दोषनिदानाची ऐतिहासिक घडण

१

विजेच्या वितरण-फलकाचे कार्य वरकरणी साधे आहे. बाहेरून आलेला एक पुरवठा तेथे अनेक शाखांत विभागला जातो आणि प्रत्येक शाखेवर फ्यूज अथवा स्वयंचलित खंडक बसविलेला असतो. कारागिरांच्या बोलण्यात ‘डीबी’ या दोन अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या पेटीत दाबाखालील धातूचे भाग, तटस्थ पट्टी व भूयोजनाची पट्टी ही एकमेकांपासून अगदी थोड्या अंतरावर नांदत असतात. त्यांना विभक्त ठेवण्याचे काम निरोधक पदार्थ व मधली हवा करतात, आणि या दोहोंचे सामर्थ्य ओलीमुळे खचते.

पावसाळ्यात फलक बिघडला की ‘ओल आली’ एवढे म्हणून निदान संपविण्याची रीत सर्वत्र आढळते. या उत्तरात असत्य असे काही नसते. परंतु त्यात ज्ञानही फारसे नसते. ओल कोठून आली, पृष्ठभागावर आहे की पदार्थाच्या अंगात मुरली आहे, आणि ती वाळून गेल्यावर मागे काय उरले, हे तिन्ही प्रश्न त्यात अनुत्तरितच राहतात. हे प्रश्न वेगळे आहेत हे ओळखण्यास विद्युत् अभियांत्रिकीला सुमारे पाऊण शतक लागले. त्या काळात मोजमापाची जी रीत घडली, तिचा एक भाग आजच्या व्यवहारात टिकला आहे आणि दुसरा, तितकाच महत्त्वाचा भाग विसरला गेला आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही भागांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

ओलीचा प्रश्न प्रथम घरगुती दिव्यांच्या संदर्भात उपस्थित झाला नाही. तो तारायंत्राने उभा केला. हिंदुस्थानचा या इतिहासाशी संबंध अगदी आरंभापासूनचा आहे. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्याजवळ बांबूंच्या खांबांवर तार टाकून प्रयोग केले. पुढे १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग उभारताना त्यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई पसंत केली. सळईचा स्वतःचा रोध इतका अल्प असतो की मुसळधार पावसातही प्रवाहाचा पुरेसा अंश दुसऱ्या टोकास पोहोचतो. सबब निरोधनाची फारशी आवश्यकता नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या चुकीचा म्हणता येणार नाही. गळती थांबविण्याऐवजी गळतीचे सापेक्ष महत्त्व कमी करावयाचे, असे ते धोरण होते. मात्र अंतर वाढले की गळतीच्या वाटाही त्या प्रमाणात वाढतात. लांब पल्ल्याच्या मार्गांवर पुढे निरोधक बसवावेच लागले.

समुद्राखालील केबलींच्या बाबतीत अशी तडजोड मुळीच शक्य नव्हती. मलाया द्वीपकल्पातील वृक्षांच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा हा पदार्थ १८४३ च्या सुमारास लंडनमध्ये परिचित झाला, आणि १८४७ मध्ये वेर्नर सीमेन्स यांनी त्याचे अखंड वेष्टन तारेवर चढविण्याची युक्ती सिद्ध केली. परंतु वेष्टन चढविणे निराळे आणि ते निर्दोष आहे हे सिद्ध करणे निराळे. १८५८ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण झालेली अटलांटिक केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. वेष्टनात आधीपासून उणिवा होत्या. त्यातच वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी मोठ्या प्रवर्तन-वेटोळ्यांच्या साहाय्याने सुमारे दोन हजार व्होल्टांचा दाब दिल्याने दोष अधिक बळावले, असे मानले जाते. ब्रिटिश सरकार व केबल कंपनी यांनी मिळून नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. केबल पाण्यात सोडण्यापूर्वी तिच्या निरोधनाचे पद्धतशीर मोजमाप झाले पाहिजे, ही शिकवण त्यातून दृढ झाली. त्याच वर्षी विल्यम टॉमसन यांच्या सूचनेवरून ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण-एकक ठरविण्यासाठी समिती नेमली. एकक नसेल तर दोन ठिकाणची मोजमापे ताडून पाहता येत नाहीत, हे केबलीच्या व्यवसायाला अनुभवाने कळले होते.

या शिस्तीचे फळ १८६४ च्या इराणी आखातातील केबलीच्या रूपाने दिसले. चार्ल्स ब्राइट व लॅटिमर क्लार्क यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या केबलीचा प्रत्येक तुकडा पाण्यात ठेवून तपासला गेला. केबल-परीक्षेच्या या परंपरेतच एक बारीकसा संकेत रूढ झाला. दाब लावल्याबरोबर काट्याने दाखविलेला आकडा न घेता एक मिनिट थांबून आकडा घ्यावयाचा. दाब लावताच निरोधकात काही प्रवाह शोषला जातो आणि तो हळूहळू क्षीण होतो. खरी गळती त्यानंतर उरते. चांगल्या निरोधकाचा रोध म्हणूनच मिनिटागणिक वाढत जाताना दिसतो. पाणी शिरलेल्या निरोधकात गळती इतकी प्रबळ असते की ही वाढ जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे या एका मिनिटाच्या चालीतच निदानाचे बीज होते.

३

घरोघरी विजेचे दिवे आले तेव्हा हे ज्ञान तारायंत्राच्या अभियंत्यांकडूनच इमारतींच्या तारकामाकडे आले. लंडनच्या तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने १८८२ मध्ये आगीचा धोका टाळण्यासाठी नियम प्रसिद्ध केले. आजच्या ब्रिटिश तारकाम-नियमांची ती पहिली आवृत्ती होय. विजेच्या कामातील अडचणी बहुतांशी आतल्या व अदृश्य असतात, त्या केवळ विद्युत् परीक्षेनेच हुडकता येतात, आणि ओल व जमिनीचा मंडलाचा भाग म्हणून होणारा वापर यांपासून कसोशीने जपले पाहिजे, अशी त्या नियमांची भूमिका होती. ओलीने प्रवाह वाया जातो एवढ्यावर ते थांबले नाहीत. ओलीमुळे विद्युत्-विश्लेषण होऊन वाहक स्वतःच झिजतो, हेही त्यांनी नमूद केले.

तथापि नियम कागदावर असले तरी सामग्री जुनीच होती. आरंभीचे फलक लाकडाचे, आणि तारा लाकडी पट्ट्यांच्या खोबणीतून नेलेल्या. मुंबईत १९०५ मध्ये स्थापन झालेल्या वीज व ट्राम कंपनीच्या काळापासून ज्या इमारतींत वीज आली, त्यांतील अनेक इमारतींत सागवानी पट्ट्यांचे हे काम दीर्घकाळ टिकून होते. लाकूड कोरडे असता बरा निरोधक असते, परंतु हवेतील ओल ते सतत शोषीत व सोडीत असते. लाकडाऐवजी आलेल्या पाटीच्या दगडात धातूच्या शिरा निघत. संगमरवर दिसण्यास देखणा, पण सच्छिद्र. बाह्य रूप बदलले तरी ओल मुरण्याचा धर्म कायमच राहिला.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, फलकावरील फ्यूजला ओल दिसतच नाही. साध्या गणिताने हे स्पष्ट होते. २३० व्होल्ट दाबाखाली ५ अँपिअर प्रवाह वाहण्यासाठी रोध ४६ ओहमपर्यंत खाली यावा लागतो. ओली लाकडी फळी किंवा मळकट पृष्ठभाग बहुधा हजारो ओहमांचा रोध ठेवूनच असतो. तेवढ्या रोधातून वाहणारा प्रवाह फ्यूजच्या दृष्टीने नगण्य असतो, पण फलकाच्या लोखंडी पेटीस हात लावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो जीवघेणा ठरू शकतो. जे साधन संरक्षणासाठी बसविले त्याच्या पल्ल्याबाहेर हा दोष राहत असल्याने तो शोधण्यास स्वतंत्र साधनाची गरज होती.

४

हे साधन सिडनी एव्हरशेड यांच्या प्रयत्नांतून आले. हाताने फिरवावयाचा लहानसा जनित्र आणि रोध थेट दाखविणारा मापक एकाच पेटीत आणण्याची त्यांची योजना होती, आणि ‘मेगर’ हे तिचे व्यापारी नाव १९०३ मध्ये नोंदविले गेले. दहा लक्ष ओहम दर्शविणाऱ्या ‘मेगोहम’ या शब्दावरून बेतलेले हे नाव एका कंपनीच्या मालकीचे असूनही लौकरच सामान्यनाम बनले. मराठी कारागीर आज ‘मेगर करणे’ असा सरळ क्रियापदासारखा प्रयोग करतात, मग हातातील उपकरण कोणत्याही कंपनीचे असो. शब्द रुळला की क्रियाही रुळते आणि क्रियेमागील विचार मात्र गळून पडतो, असे भाषेच्या इतिहासात पुष्कळदा घडते. ‘मेगर केला, आकडा बरा आला’ या वाक्यात तेच घडलेले दिसते.

खुद्द एव्हरशेड यांचे मत वेगळे होते. निरोधन-रोधाच्या गुणधर्मांविषयी त्यांनी लिहिलेला प्रदीर्घ निबंध लंडनच्या विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात १९१४ साली प्रसिद्ध झाला. कापूस, कागद यांसारख्या शोषक पदार्थांचा रोध त्यांच्या तंतूंवर फारसा अवलंबून नसून तंतूंच्या सूक्ष्म पोकळ्यांत दडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो, असे त्यांनी दाखविले. दाब वाढविला की हे पाणी पोकळ्यांच्या भिंतींवर पातळ थराच्या रूपाने पसरते, तुटक असलेल्या वाटा जोडल्या जातात आणि रोध घटतो. यावरून एक फार उपयुक्त कसोटी निघाली. तीच वस्तू कमी व अधिक अशा दोन दाबांखाली मोजावी. दोन्ही वेळी रोध सारखाच आला तर निरोधन कोरडे समजावे. दाबाबरोबर तो लक्षणीय घटला तर ओलीचा अथवा अंगभूत उणिवेचा संशय धरावा.

केबल-परीक्षकांचा काळाचा दंडक आणि एव्हरशेड यांचा दाबाचा दंडक हे दोन्ही एकत्र ठेवले असता एक गोष्ट स्पष्ट होते. ओलीचे लक्षण रोधाच्या एका आकड्यात नसते. काळ व दाब बदलताना तो आकडा कसा वागतो यात ते असते. मोठ्या यंत्रांच्या वेटोळ्यांबाबत हा विचार पुढे मान्य झाला. त्यांच्यासाठी दहाव्या मिनिटाच्या रोधास पहिल्या मिनिटाच्या रोधाने भागून येणारे गुणोत्तर प्रमाणभूत ठरले. वितरण-फलकात निरोधक पदार्थ थोडा असल्याने ते गुणोत्तर तेथे जसेच्या तसे लावता येत नाही. परंतु पहिल्या मिनिटातील काट्याची चाल आणि दोन दाबांची तुलना यांना तेथेही पूर्ण अर्थ आहे.

५

ओलीचे प्रकार ओळखण्याच्या बाबतीत शास्त्रीय परिभाषेपेक्षा बोलीभाषा अधिक काटेकोर आहे, हे येथे आवर्जून नोंदविण्याजोगे आहे. परिभाषेत ‘आर्द्रता’ हा एकच शब्द सर्व अवस्थांना व्यापतो. बोलीत दव, पाझर, ओल व खारी हवा यांची सरमिसळ होत नाही. आणि फलकातील दोषही नेमके याच भेदांनुसार निरनिराळे वागतात.

दवाचा दोष पहाटेचा असतो. रात्री लोखंडी पेटी थंड होते, आतील हवेचे तापमान दवबिंदूखाली जाते आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब निरोधकांवर जमतात. दवबिंदू मोजण्याचे उपकरण १८२० मध्ये जॉन फ्रेडरिक डॅनिएल यांनी बनविले आणि त्यांनीच १८३६ मध्ये तारायंत्रास उपयोगी पडलेला विद्युत् घट सिद्ध केला. एकाच माणसाच्या हातून निघालेल्या या दोन विद्या फलकाच्या पेटीत पुन्हा एकत्र येतात. दिवस वर आला, मंडलांवर भार आला, की वाहक किंचित तापतात, दव उडून जाते आणि दुपारी आलेल्या परीक्षकास सर्व काही निर्दोष आढळते. रात्रभर भार बंद राहिलेल्या फलकांत सकाळी दोष उद्भवतो तो यामुळेच.

पाझराचा दोष पावसाशी बांधलेला, पण पावसाच्या मागून येणारा असतो. भिंतीतून अथवा गच्चीवरून उतरणाऱ्या नळीतून पाणी तारांच्या कडेने फलकात पोहोचण्यास तास-दोन तास, कधी दिवसही लागतो. येथे दोष बहुधा एकाच शाखेत सापडतो; फलकाच्या वरच्या कडेशी नळी जेथे आत शिरते तेथे गंजाचा ओघळ दिसतो. नळीचे वरचे तोंड नीट बंद नसेल तर फलक कितीदाही पुसला तरी दोष परत येतो.

मुरलेल्या ओलीचा दोष संथ असतो. लाकडी पाट, जुन्या तारांवरील कापडी वेष्टन आणि ओलसर भिंत यांत तो ऋतुभर वाढतो आणि ऋतू संपल्यावर हळूहळू ओसरतो. एव्हरशेड यांची दोन दाबांची कसोटी या प्रकारास सर्वाधिक लागू पडते.

चौथा प्रकार किनारपट्टीचा आहे. मिठाच्या कणांना सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतूनच पाणी ओढून घेऊन विरघळण्याचा धर्म आहे. समुद्रकाठच्या फलकांत साचलेली मीठमिश्रित धूळ कोरड्या दिवसांत निरुपद्रवी असते. आर्द्रता ही मर्यादा ओलांडताच पाण्याचा एकही थेंब आत न येता तिचे वाहक द्रावण बनते. पाणी आत आलेले नाही, पेटी शाबूत आहे, तरी रोध घसरला आहे, अशा वेळी हा प्रकार आधी विचारात घ्यावा. या प्रकारात गळती पृष्ठभागावरून होते. कोरड्या फडक्याने निरोधक पुसताच रोध एकदम वाढला तर निदान पक्के होते. मेगरच्या तिसऱ्या, संरक्षक अग्राचा उपयोगही हाच आहे. पृष्ठभागावरून येणारा प्रवाह त्याद्वारे मापकाबाहेर वळविला जातो आणि पदार्थाच्या अंगातील गळती तेवढी मोजली जाते.

६

येथवर ओल हजर असताना काय घडते याचा विचार झाला. ती निघून गेल्यावरचा इतिहास अधिक गंभीर आहे. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी शोधलेल्या बेकेलाइटने लाकूड व संगमरवर यांना फलकांतून हळूहळू हद्दपार केले. हा पदार्थ कठीण, उष्णता सोसणारा आणि स्वस्त. परंतु त्याच्या ओल्या, मळकट पृष्ठभागावरून गळती होऊ लागली की ओलीचा थर जागोजागी वाळून तुटतो, तुटलेल्या जागी बारीक ठिणग्या पडतात आणि त्या ठिणग्यांनी पदार्थाचाच कोळसा होतो. कोळशाची ही रेघ ओल वाळल्यावरही वाहकच राहते आणि पुढच्या ओलीत लांबत जाते. पदार्थ अशा रेघांना किती दाद देतो हे मोजण्यासाठी नवसागराच्या पातळ द्रावणाचे ५० थेंब ठरावीक अंतराने त्यावर टाकावयाची आंतरराष्ट्रीय परीक्षा १९५९ मध्ये ठरविण्यात आली. पेट्यांची जलरोधकता दर्शविणारी श्रेणी-पद्धतीही १९६० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय मानकांत आली.

या दृष्टीने पाहता, बिघडलेला फलक प्रथम गरम हवेने वाळवावयाचा आणि मग मेगर करावयाचा, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत निदानशास्त्राच्या विरुद्ध जाते. वाळविल्याने ओलीचा पुरावा नष्ट होतो, तर कोळशाची रेघ, हिरवा गंज आणि झिजलेला सांधा मागे राहतात. बरा आलेला आकडा पाहून पुरवठा पुन्हा सुरू होतो. गंजलेल्या सांध्याचा संपर्क-रोध वाढलेला असतो, भाराखाली तो तापतो, आणि मेगर मुळात ज्या गोष्टी मोजीत नाही अशा या तापण्यातून आग उद्भवू शकते. वाळविण्यापूर्वी एकदा व वाळविल्यानंतर एकदा, अशी दोन मोजमापे नोंदविली आणि पृष्ठभाग भिंगाखाली तपासला, तर हा धोका बराच टळतो.

७

विसाव्या शतकाच्या मध्यास ओलीचे आणखी एक साक्षीदार उपकरण पुढे आले. जाणारा व परतणारा प्रवाह यांतील फरक ओळखून मंडल तोडणाऱ्या साधनांचा विकास १९५० नंतरच्या काळात ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी आणि अमेरिकेत चार्ल्स डालझील यांनी केला. ३० मिलिअँपिअरचे असे साधन २३० व्होल्टांवर सुमारे ७,७०० ओहमांची गळती हमखास पकडते. फ्यूजच्या ४६ ओहमांशी तुलना करता ही प्रगती प्रचंड आहे. पण ही सीमाही निरोगी अवस्थेपासून फार दूर आहे. भारतीय वीज नियम, १९५६ यांच्या पुढील रूपात ५०० व्होल्टांचा दाब एक मिनिट लावून किमान १ मेगोहम रोध मिळाला पाहिजे अशी अट होती. तेवढ्या रोधातून जेमतेम ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह गळतो. १ मेगोहम आणि ७,७०० ओहम यांमध्ये १३० पटींचे अंतर आहे. ओलीचे बहुतेक दोष आपले आयुष्य याच पट्ट्यात काढतात : नियमाने सदोष, तरी कोणत्याही स्वयंचलित साधनास अगोचर. शिवाय अशी साधने पाडणारी गळती अनेक शाखांतील लहान गळत्यांची बेरीज असू शकते. त्यामुळे मुख्य पुरवठा तोडून व तटस्थ पट्टीवरील जोड सोडवून एकेक शाखा वेगळी मोजल्याशिवाय दोषाचे स्थान कळत नाही.

१९५६ चे नियम २०१० मध्ये नव्या विनियमांनी मागे टाकले. परंतु त्यांतील ‘एक मिनिट’ हा शब्दप्रयोग या इतिहासाचा उत्तम अवशेष आहे. केबल-परीक्षकांनी ते मिनिट राखले ते रोधाची वाढ पाहण्यासाठी. आजच्या नोंदवहीत त्या मिनिटाच्या अखेरचा आकडा तेवढा लिहिला जातो. आरंभीचा आकडा, दुसऱ्या दाबाखालचा आकडा, मोजमापाची वेळ, त्या वेळची हवा आणि आदल्या दिवसाचा पाऊस यांना नोंदवहीत रकानेच नाहीत. एकाच फलकाच्या चार ऋतूंतील नोंदी अशा रीतीने ठेवल्या गेल्यास दव, पाझर, मुरलेली ओल व खार यांचे भेद त्यांतून आपोआप उलगडतील. त्यासाठी नवे उपकरण लागत नाही. एव्हरशेड यांच्या काळापासून हाती असलेले उपकरण त्यांच्याच रीतीने वापरावे लागेल, आणि नोंदवहीत चार रकाने वाढवावे लागतील.